रोल संपवायला काढलेले फोटो : प्रकल्प नोंदी

८ फेब्रुवारी २०२५, सांगली

दुपारभर बाबांचे जुने अल्बम घेऊन बसले होते. लग्नं, बारशी, सत्यनारायण, गणपती हे सगळं आहेच. पण हात थांबतो तो अधूनमधून येणाऱ्या वेगळ्याच फोटोंपाशी. गच्चीवर कुरडया घालणारी आई. अंगणात स्टँडवर लावलेली स्कूटर. ओट्यावरची कपबशी, बाजूला स्टोव्हची पिन. बाबांना विचारलं, हे कशासाठी काढले होते? म्हणाले, "अगं, कार्यक्रम झाला तरी रोलमध्ये चार-पाच फोटो उरायचे. रोल संपल्याशिवाय धुवायला टाकता येत नाही. मग जे समोर दिसेल ते काढून संपवायचा."

आज त्या अल्बममध्ये सगळ्यात जिवंत हेच फोटो आहेत. तेव्हा ठरवलं : पाच रोल घ्यायचे आणि सगळेच्या सगळे असे 'उरलेले' फोटो काढायचे. घर, गल्ली, बाजार. सण-समारंभ नाही. शेवटी शंभर फोटो निवडून पोस्टकार्ड आकाराचे प्रिंट, जुन्या पद्धतीच्या अल्बममध्ये चिकटवलेले.

फिल्म कोडॅक गोल्ड २००, ३५ मिमी, ३६ चा रोल. (२०० हा फिल्मचा वेग, म्हणजे आयएसओ. आकडा मोठा तितका कमी उजेड पुरतो.) दुसरी कुठली घ्यावी असं मनात आलंच नाही. बाबांच्या १९९१ च्या निगेटिव्हच्या काठावरही 'गोल्ड' लिहिलेलं आहे (तो १०० चा रोल होता). ही फिल्म व्यावसायिक छायाचित्रकारांसाठी बनवलेली नव्हे. त्यांच्यासाठी पोर्ट्रा आहे, जास्त मऊ, जास्त महाग. गोल्ड घरच्या माणसासाठी आहे. ज्याला उजेड मोजणारा मीटर बघता येत नाही, जो उन्हात उभं करून 'हसा' म्हणतो आणि बटण दाबतो, त्याच्यासाठी. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरमध्ये अजून बनते. ईस्टमन कोडॅक जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरी संरक्षणात गेली, तेव्हा ही फिल्मही जाणार असं वाटलं होतं. गेली तर नाहीच, उलट २०२२ मध्ये मोठ्या १२० आकारात नव्याने आली.

कॅमेरा माझा निकॉन एफएम १०, वर ५० मिमीची एफ १.८ लेन्स. सेकंडहँड, पण शटर ठणठणीत. रोल, धुलाई आणि स्कॅन धरून एका फोटोला पन्नासच्या आसपास रुपये पडतात. म्हणून वही केली आहे. रोल नंबर, फोटो नंबर, उजेड, शटर, अ‍ॅपर्चर, एक शेरा. (शटर म्हणजे सेकंदाचा कितवा भाग उजेड आत घेतला, अॅपर्चर म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं. एफचा आकडा लहान तितकं तोंड मोठं.) पाचही रोल फ्रीजमध्ये, लोणच्याच्या बरणीपासून लांब, झिपच्या पिशवीत. कंपनी २१ अंशांच्या खाली ठेवा म्हणते, आणि सांगलीत मार्चनंतर तेवढी थंड जागा घरात फ्रीजशिवाय कुठेच नाही.

४ मार्च

रोल १. काल रात्रीच फ्रीजबाहेर काढून ठेवला होता. गार डबी लगेच उघडली तर फिल्मवर दव धरतं, तेव्हा निदान तास-दीड तास तरी थांबायलाच हवं.

सकाळी मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांना. नव्या हळदीचा हंगाम. राजापुरी हळकुंडांचे ढीग, हवेत हळदीची धूळ, नाकात वास. कडेला पत्र्याच्या शेडची सावली संपते तिथे उन्हाची पट्टी पडते. तिथे उभी राहिले, १/२५० ला एफ ८. एका व्यापाऱ्याने ढिगातलं हळकुंड उचलून दगडावर आपटलं आणि तुटलेली बाजू माझ्यासमोर धरली. बाहेरून मातकट पिवळं, काळपट सुरकुत्यांचं, आणि आत गाभा जवळजवळ केशरी, मेणासारखा तुकतुकीत. हळद पारखायची ती या गाभ्यावरून. त्या तुटलेल्या तोंडाचे तीन फोटो काढले. नंबर ११, १२, १३. गोल्डची परीक्षा घ्यायला याहून चांगला पिवळा मला मिळायचा नाही. पिवळे-केशरी रंग उबदार करून दाखवते, अशीच तर तिची ख्याती.

१५ मार्च

स्कॅन आले. जीव खट्टू झाला.

११, १२, १३ मध्ये हळद लिंबासारखी फिकट. ढिगामागे उभ्या असलेल्या हमालाचा पांढरा सदरा निळसर. त्याच रोलवरचे पुढचे फोटो, भाजीवाल्या मावशींचे, चांगले उबदार आलेत. फिल्म तीच, ऊन तेच, अर्ध्या तासाचा फरक. मग हळदीचीच अशी दशा का?

निगेटिव्ह परत आल्या होत्या. मोबाईलवर पांढरा पडदा उघडून त्यावर पट्टी धरली आणि भिंगाने पाहिलं. हळदीचा ढीग निगेटिव्हवर गडद निळा-जांभळा, दाट, भरलेला. कडेला उभ्या बाईच्या कपाळावरचं कुंकू हिरवट-निळं, तिचा हिरवा चुडा गुलाबी. फिल्मने पिवळं नीट टिपलं होतं. घोटाळा पुढे झाला होता.

पूर्वी गावात कलर लॅब चालवणाऱ्या काकांकडे गेले. त्यांचं मशीन केव्हाच भंगारात गेलं, पण डोळा शाबूत आहे. त्यांनी पट्टी खिडकीला धरली आणि लगेच म्हणाले, "निगेटिव्ह झकास आहे की गं पोरी. मशीनला हळद कुठं ठाऊक आहे? त्याला नुसतं पिवळं दिसतंय. पिवळं लई झालं की ते निळं ओततंय, सगळं सरासरीला आणायला. आमच्या वेळी लग्नाचा सीझन आला, हळदीचा कार्यक्रम असला, की दर फोटोला मी हातानं बटण दाबून पिवळं परत आणायचो."

हे मला ठाऊक असायला हवं होतं. कलर निगेटिव्हचा रंग निगेटिव्हमध्ये अर्धाच ठरतो. उरलेला अर्धा प्रिंट करणारा किंवा स्कॅन करणारा ठरवतो. मशीन गृहीत धरतं की कुठल्याही फोटोची सरासरी साधारण करडी येते. आकाश, झाडं, माणसं, रस्ता असलेल्या फोटोला ते लागू पडतं. चौकटभर हळद असेल तर पडत नाही. 'गोल्डचे रंग असे असतात' म्हणून लोक जे फोटो दाखवतात, त्यात किती गोल्ड आणि किती स्कॅनर, हे निगेटिव्ह पाहिल्याशिवाय कोणी सांगू नये असं माझं आता ठाम मत झालं आहे.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती लिहून ठेवते. पूर्वी मशीन जुळवायला कंपनीकडून नमुन्याचा फोटो यायचा, त्यात एक गोरी बाई असायची. अशा कार्डांना तिकडे 'शर्ली कार्ड' म्हणत. त्या बाईची कातडी बरोबर आली की मशीन बरोबर. कोडॅकने वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेलं कार्ड काढलं ते १९९० च्या दशकात. काका म्हणाले, "मी ते कार्ड बाजूला ठेवलं होतं. माझ्या बायकोचा फोटो घेऊन मशीन जुळवायचो." आमच्या अल्बममध्ये आईचा सावळा रंग जसा आहे तसा का दिसतो, याचं उत्तर मला आज मिळालं. ते प्रिंट त्यांच्याकडचेच.

यापुढे लॅबला सांगायचं : स्कॅन सपाट द्या, रंगात हात घालू नका. आणि उजेड बदलला की त्या उजेडातल्या एका फोटोत करडं कार्ड धरायचं, म्हणजे घरी रंग जुळवताना त्याचा आधार मिळेल.

१६ मार्च

कालचं मनातून जाईना, म्हणून निगेटिव्हच्या नारिंगी रंगाबद्दल इथे लिहिते. हा रंग घाण राहिल्यामुळे किंवा नीट न धुतल्यामुळे येतो, असं कॉलेजात असताना मला वाटायचं. खरं कारण फार सुंदर आहे.

फिल्ममध्ये एकावर एक थर असतात. वरचा निळ्या उजेडाला दाद देतो आणि धुतल्यावर त्यात पिवळा रंग तयार होतो. मधला हिरव्या उजेडाचा, त्यात मॅजेंटा, म्हणजे गडद गुलाबी. खालचा लाल उजेडाचा, त्यात सायन, म्हणजे हिरवट निळा. अडचण अशी की हे रंग शुद्ध नसतात. मॅजेंटाने फक्त हिरवा उजेड अडवायला हवा, पण तो थोडा निळाही अडवतो. सायन थोडा हिरवाही अडवतो आणि निळाही. तसंच सोडलं तर प्रिंटमध्ये सगळे रंग गढूळ होतील. १९४० च्या दशकात कोडॅकच्या वेस्ली हॅन्सनने यावर तोड काढली. ज्या रसायनापासून मॅजेंटा तयार होतो ते मुळातच पिवळं ठेवलं, आणि ज्यापासून सायन होतो ते गुलाबीसर. जिथे रंग तयार होतो तिथे हा मूळचा रंग खर्ची पडतो, जिथे होत नाही तिथे राहतो. त्यामुळे अशुद्धपणा निगेटिव्हभर सारखा पसरतो. सारख्या पसरलेल्या दोषाला प्रिंट करताना एकदाच वजा करता येतं. तो उरलेला पिवळा आणि गुलाबीसर मिळून नारिंगी. दोष काढून टाकता येत नाही तर सगळीकडे सारखा करा, मग तो दोष राहत नाही. मला हे एखाद्या सुगरणीच्या युक्तीसारखं वाटतं.

५ एप्रिल

रोल २. आईचं वाळवण. गव्हाचा चीक पहाटे शिजवला, आठच्या आत सोऱ्या घेऊन आम्ही गच्चीवर. जुन्या धोतरावर कुरडयांच्या ओळी. ऊन आत्ताच डोळ्यांत जातंय.

आज मुद्दाम परीक्षा. पांढऱ्या धोतरावर पांढऱ्या कुरडया, कडक ऊन, आणि ओणवी बसलेली आई, चेहरा तिच्याच सावलीत. कॅमेऱ्यातला मीटर इथे फसतो. त्याला पांढरं दिसलं की उजेड फार आहे असं वाटतं आणि तो कमी एक्स्पोजर सांगतो. म्हणून मीटरकडे बघितलंच नाही. कडक उन्हाचा जुना हिशोब धरला : २०० च्या फिल्मला १/२५० आणि एफ १६. तिथून एकेक स्टॉप खाली-वर. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा.

फोटो १४ : दोन स्टॉप कमी. १५ : एक कमी. १६ : बरोबर. १७ : एक जास्त, म्हणजे एफ ११. १८ : दोन जास्त, एफ ८. १९ : तीन जास्त, एफ ५.६. सहाही फोटोंत आई हलू नये म्हणून तिला विनंती केली. ती म्हणाली, "चीक वाळतोय माझा, तुझं लवकर उरक." तरी थांबली.

१६ एप्रिल

रोल २ चे सपाट स्कॅन आले. आजचा सगळा दिवस या सहा फोटोंवर गेला.

दोन स्टॉप कमीचा (१४) : आईचा चेहरा आणि लुगड्याच्या निऱ्या मातीत गेल्यासारख्या. सावलीत काळं नाही, करडं-हिरवट काहीतरी, त्यात ठसठशीत दाणे. उजळ करायला जावं तर दाणेच उजळतात. एक स्टॉप कमीचा (१५) चालेल, पण त्यात जीव नाही. बरोबरचा (१६) चांगला. १७, एक स्टॉप जास्तीचा, सगळ्यांत उत्तम. कुरडईचा एकेक तार सुटा दिसतो, तार जिथे तारेवरून जाते तिथली बारीक सावलीसुद्धा. आणि त्याच फोटोत आईच्या कानामागचे पांढरे केस, गालावरची सावली, नाकातली चमकी, सगळं आहे. सावलीतली कातडी तपकिरी-सोनेरी, करडी नाही. १८ मध्येही सगळं शाबूत, दाणे आणखी बारीक. १९, तीन स्टॉप जास्तीचा, निगेटिव्ह इतकी दाट की खिडकीला धरली तरी काळपट दिसते. त्यातूनही कुरडया निघाल्या, फक्त रंग किंचित पिवळ्याकडे झुकलेत आणि कॉन्ट्रास्ट दबलाय.

कंपनीच्या माहितीपत्रकातही हेच आहे : कमी पडला तर दोन स्टॉप, जास्त झाला तर तीन. पण कागदावर 'दोन' आणि 'तीन' जवळजवळ सारखे वाटतात. प्रत्यक्षात उणे दोन म्हणजे कसाबसा वाचलेला फोटो, आणि अधिक दोन म्हणजे बरोबरच्याहून चांगला. मोबाईलच्या कॅमेऱ्याचं नेमकं उलटं. तिथे पांढरं एकदा जळलं की गेलं, सावलीतून मात्र बरंच उपसता येतं. फिल्मला उजेड भरभरून द्यावा. तो ती साठवते, वर आणखी मागते. जास्त उजेडात रंगाचे ठिपके एकमेकांवर चढून सलग होतात, म्हणून दाणा बारीक दिसतो. कमी उजेडात ते विरळ पडतात आणि मधल्या फटी दिसायला लागतात.

यापुढे कॅमेऱ्याची आयएसओ डायल २०० वर नाही, १०० वर. एक स्टॉप कायमचा जास्त.

आणि आता बाबांचे फोटो कळले. त्यांच्या फिक्स फोकसच्या याशिका कॅमेऱ्यात फिरवायला काही नव्हतंच. उन्हात तोच शटर, सावलीत तोच शटर. ती सगळी सूट फिल्म देत होती. घरगुती फिल्मचा सगळ्यात मोठा गुण रंग नव्हे, ही सोसण्याची ताकद. ज्याला यातलं काही कळत नाही त्याच्याही हातून आठवण वाया जाऊ नये, एवढा विचार करून ती बनवली आहे.

२७ एप्रिल

रोल ३. मिरज, सतारमेकर गल्ली. दुकानाच्या आत तूण लाकडाचा भुसा, भिंतीला टांगलेले सतारीचे भोपळे, पंढरपूरकडून आलेले. उजेड फक्त दारातून. कारागीर काकांनी हातातलं काम न थांबवता "या, बसा" म्हटलं. एफ १.८ ला १/३०, तरी मीटर उणेच दाखवतोय. काढले तसेच, बावीस फोटो. गच्चीवरच्या यशाने जरा हुरळले होते, हे मान्य करते.

९ मे

मिरजेचे फोटो नाहीत जमले. भोपळ्यांचा तो जुन्या तुपासारखा रंग कुठेच नाही. सावल्या हिरवट, दाणेदार. १४ नंबरच्या फोटोचीच गत बावीस वेळा. २०० ची फिल्म बंद खोलीची नाही. परत जायला हवं, ट्रायपॉड घेऊन.

११ मे

रोल ४, गेल्या रविवारचा. बाबांना घेऊन हरिपूरला गेले होते, कृष्णा-वारणेच्या संगमावर. जाताना हळदीच्या पेवांच्या जागा त्यांनी दाखवल्या. जमिनीखालच्या या कोठारांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात त्यातली पुष्कळशी गेली. बाबा पेवाच्या तोंडाशी उभे राहून लहानपणीचं सांगत होते. छत्तीसही फोटो त्यांचेच.

हा रोल घरी धुवायचा ठरवलं होतं. कलर निगेटिव्ह धुण्याची सी-४१ ही प्रक्रिया १९७२ पासून तीच आहे. डेव्हलपर ३७.८ अंशांना, ३ मिनिटं १५ सेकंद. युरोप-अमेरिकेत लोक पाणी तापवायला यंत्रं घेतात. आमच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी दोनला ३९ अंश निघालं. बादलीत घेतलं, सावलीत ठेवलं, ३७.८ ला आलं की बाटल्या त्यात. अर्धा अंश इकडेतिकडे झाला तरी रंगांचा तोल सरकतो, म्हणून थर्मामीटरवरून डोळा काढला नाही. डेव्हलपर, मग फिल्ममधली चांदी काढणारं ब्लिक्स, मग धुणं, शेवटी स्टॅबिलायझर.

रीळ उघडली. पट्टी स्वच्छ नारिंगी. एकही फोटो नाही.

पहिल्यांदा वाटलं, रसायन बिघडलं. मग काठाकडे पाहिलं. फिल्मचं नाव आणि फोटोंचे आकडे ठळक उमटले होते. ते कारखान्यातच उजेडाने छापलेले असतात आणि धुतल्यावरच दिसतात. ते नीट उमटले म्हणजे धुलाई बरोबर आहे. म्हणजे फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकलीच नव्हती. रोल भरताना तिचं टोक कॅमेऱ्यातल्या रिळात अडकलं नाही, आणि मी छत्तीस वेळा रिकामा दट्ट्या ओढत राहिले. दट्ट्या ओढताना डावीकडची रिवाइंडची खुंटी फिरते का, एवढं बघायचं असतं. ते बघितलं नाही.

बाबांना सांगितलं. म्हणाले, "परत जाऊ की. संगम कुठं पळून जातोय?" पण त्या दिवशी पेवाच्या तोंडाशी ते बोलत होते, ते परत तसंच बोलणार नाहीत. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं : खुंटी फिरते का?

बदली रोल मागवला. तो ६.

२५ मे

रोल ५. मिरज, दुसऱ्यांदा. सकाळपासून आभाळ, दुकानात उजेड आणखी कमी. ट्रायपॉड. डायल १०० वर, एफ ४, अर्धा सेकंद, केबल लावून. या फिल्मला एका सेकंदापर्यंत हिशोब बदलावा लागत नाही. माणूस हलेल, पण भोपळे कुठे हलतात? काकांना म्हटलं, पॉलिशचा बोळा फिरवताना हात चालू ठेवा, फक्त खांदा स्थिर. ते हसले आणि तसंच केलं. चौदा फोटो काढून थांबले. खुंटी प्रत्येक वेळी पाहिली.

१३ जुलै

रोल ५ चे उरलेले. पावसातली गल्ली. आठवडाभर ऊन नाही. मोबाईलवर हा उजेड निळा, मेलेला येतो. मी डोळ्याने पाहते तो तसा नसतो. ओल्या भिंती, शेवाळ, छत्र्या, बंद दुकानाच्या पायरीवर शेंगा विकणाऱ्या आजी. डायल १०० वर ठेवली की एफ ४ ला १/६०, जेमतेम. उबदारपणाकडचा या फिल्मचा कल इथे कामी येतो, उन्हापेक्षाही जास्त, असा माझा अंदाज आहे.

मिरजेचे चौदा फोटो अजून कॅमेऱ्यातच आहेत. काढून धुतली नाही तर फिल्मवरची अदृश्य प्रतिमा हळूहळू ओसरते, उकाड्यात लवकर. उद्या रोल संपवून टाकते.

२ ऑगस्ट

रोल ५ आला आणि मिरजेच्या ट्रायपॉडचा नि पावसातल्या उजेडाचा, दोन्ही अंदाज खरे ठरले. भोपळ्यावर ओल्या पॉलिशचा पट्टा, त्यात दाराचं प्रतिबिंब, बोळा धरलेला हात किंचित पुसट. रंग तुपाचाच. शेंगांच्या टोपलीत ओल्या शेंगांचा मातकट रंग आणि आजींच्या हातातलं नाणं वेगवेगळं ओळखू येतं.

आज रोल ६, स्वयंपाकघर. इथे कठीण आहे. ही फिल्म दिवसाच्या उजेडासाठी, ५५०० केल्विनला जुळवलेली. जुन्या पिवळ्या बल्बखाली सगळं नारिंगी येतं. निळा ८०ए फिल्टर लावला तर रंग सुधारतो, पण वेग २०० वरून ५० वर येतो, दोन स्टॉप गेले. मी फिल्टर लावला नाही. बल्बच्या उजेडात निळं फारच थोडं असतं, म्हणजे निळ्याचा थर उपाशी राहतो, आणि नंतर रंग जुळवताना त्याच थरातून दाणे वर येतात. म्हणून फिल्टरऐवजी दोन स्टॉप जास्तीचा उजेड देऊन तो थर भरायचा प्रयत्न केला. ओट्यावरच्या एलईडीचं मात्र काही खरं नाही. प्रत्येक बल्बचा निराळा हिरवा.

खरं स्वयंपाकघर सकाळी साडेसातलाच सापडलं. पूर्वेच्या खिडकीतून आलेला उजेड, एफ २.८, १/६०. आईने परातीत कणीक घेतली, मधे खळगा केला आणि पाणी ओतलं. पिठाच्या कडा पाण्यात ढासळताना काढला. संध्याकाळी देवघरात निरंजनाच्या उजेडात तिच्या हाताचा एक फोटो. तो नारिंगी येणार, यायलाच हवा. निरंजनाचा उजेड पांढरा करून मला काय मिळणार?

२३ ऑगस्ट

प्रिंट आले. फोटोपेपरवर, पोस्टकार्ड आकार, ग्लॉसी. रंग मीच जुळवून फाइली दिल्या होत्या. हळद हळदीसारखी, केशरी गाभ्यासकट. शंभर ठरवले होते, चौऱ्याऐंशीच ठेवण्यासारखे निघाले. हरिपूरसाठी अल्बममध्ये दोन पानं कोरी सोडली आहेत, पाऊस उघडला की जायचं आहे.

जुने प्रिंट शेजारी ठेवून पाहिले. १९९१ चे बरेच लालसर झालेत. त्या काळच्या कागदावरचा सायन अंधारातही आधी उडतो, मागे लाल राहतो. पण त्यांच्या निगेटिव्ह बाबांनी पाकिटात, कपाटाच्या वरच्या खणात जपल्या आहेत. कुरडयांची जुनी निगेटिव्ह सपाट स्कॅन करून पाहिली. चौतीस वर्षांनी आईचं लुगडं हिरवं आलं. त्याचा प्रिंट करून आत्ताच्या १७ नंबरच्या फोटोशेजारी चिकटवला. तीच गच्ची, आणि मला वाटतं धोतरही तेच.

आईने अल्बम सावकाश पाहिला. कणकेच्या परातीशी थांबली, पुढे गेली, परत मागे आली. शेवटी १७ वर बोट ठेवलं. "हा मोठा करून आण. दोन काढ, एक मावशीला पाठवायचाय. तिला वाटतं मी आता विकतच्या कुरडया आणते."

रोल २, फोटो १७. पाच बाय सात, दोन प्रती. सोमवारी द्यायचे.